दोन वैरी एका घरात



पुढच्या वेळी गोदावरीच्या काठी जाल तेव्हा एक लोहचुंबक बरोबर घ्या. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधला काळा, कड्यासारखा चुंबक मिळाला तर उत्तमच. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि काठच्या कोरड्या वाळूतून दहा-वीस वेळा फिरवा. पिशवी उचलून पाहिलीत तर तिला बारीक काळ्या कणांची दाढी फुटलेली दिसेल. आता पिशवी कागदावर धरून आतला चुंबक बाजूला काढा. सगळे कण कागदावर पडतील.

हे कण बहुतेक मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे असतात. नाशिकच्या आसपासचे सारे डोंगर ज्या काळ्या बेसाल्ट खडकाचे बनलेले आहेत, त्यात हे खनिज थोडेथोडे विखुरलेले असते. खडक उन्हापावसाने झिजतो, त्याची माती-वाळू होते आणि पावसाळ्यात ती नदीत येते. आगपेटीभर कण जमले की आपली प्रयोगशाळा तयार झाली. लोखंडाचा कीस विकत आणायलाच नको!

आता दोन सारखे पट्टीचुंबक आणि एक होकायंत्र घ्या. टेबलावर एक चुंबक ठेवा आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर होकायंत्र ठेवा. सुई चांगलीच वळेल. मग दुसरा चुंबक पहिल्याला उलटा चिकटवा, म्हणजे एकाच्या उत्तर ध्रुवाशेजारी दुसऱ्याचा दक्षिण ध्रुव येईल. पुन्हा सुईकडे पाहा. चुंबक दोन झाले, पण सुई मात्र पहिल्यापेक्षा फारच कमी वळते. होकायंत्राला विचाराल तर ते म्हणेल, ‘तिथे फारसे काही नाही.’ पण त्या जोडीवर पुठ्ठा ठेवून आपले काळे कण भुरभुरवा आणि पुठ्ठ्याला बोटाने हळूच टिचकी मारा. दोन्ही टोकांशी कण दाटीने उभे राहतील. म्हणजे चुंबकत्व तिथे आहे, आणि चांगले जोरदार आहे. ते दुरून जाणवत नाही, इतकेच.

हा साधा प्रयोग लक्षात ठेवा. वर्गाची सरासरी पन्नास गुण आली यावरून सगळ्यांना पन्नास-पन्नास मिळाले की निम्म्यांना शंभर आणि निम्म्यांना शून्य, हे कळत नाही. त्यासाठी प्रत्येकाची उत्तरपत्रिका पाहावी लागते. आज मी तुम्हांला एका पदार्थाची गोष्ट सांगणार आहे. त्याच्याबद्दलचा मुख्य प्रश्न सरासरी आकड्यांनी सुटत नव्हता. त्याच्या चुंबकीय क्षेत्राचे चित्रच काढावे लागले. आणि हा पदार्थ ज्या कुळातला आहे, त्या कुळाचा शोध आपल्या मुंबईत लागला आहे.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न

एकदा आमच्या महाविद्यालयात अकरावीच्या मुलांना अतिसंवाहकाचा प्रयोग दाखवत होतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी द्रवरूप नायट्रोजनची टाकी असते, ती तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तोच द्रवरूप नायट्रोजन आम्ही आणला होता. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सियस असते. यिट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची एक काळी वडी थर्मोकोलच्या भांड्यात ठेवून तीवर नायट्रोजन ओतला. वडी पुरेशी थंड झाल्यावर एक लहानसा चुंबक चिमट्याने तिच्यावर सोडला. तो खाली पडलाच नाही! वडीच्या वर अधांतरी तरंगत राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, चुंबकाच्या बलरेषा आता कुठे गेल्या? त्या वडीत शिरल्या की बाहेरून वळल्या? आम्हांला दाखवाल का?”

मी उत्साहाने लोहकीस उचलला आणि वरून शिंपडला. कीस चुंबकालाच जाऊन चिकटला, वडीवर हवेतल्या बाष्पाचे हिम जमले, चुंबक एका बाजूला कलंडला आणि दिसले काहीच नाही. मुले हसली, मीही हसलो. पण त्या मुलीचे समाधान झाले नव्हते, आणि माझेही नव्हते. मी फळ्यावर एक आकृती काढून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

वैर कशाचे?

प्रथम तापमानाच्या मोजणीविषयी दोन शब्द. निफाडला थंडीत पारा पाच अंशांच्या खाली गेला की द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. आपल्याला ती कडाक्याची थंडी वाटते. शास्त्रज्ञ मात्र उणे २७३ अंश सेल्सियसला शून्य धरून मोजतात. या मापाला केल्विन म्हणतात. या मापाने निफाडची ती थंडी २७८ केल्विन भरते, तर द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विन आणि द्रवरूप हीलियम सुमारे ४ केल्विन.

हॉलंडमधील लायडेन येथे कामरलिंग ओनस यांनी १९११ साली पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता. पुढे १९३३ मध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांना दिसले की अतिसंवाहक केवळ वीज बिनविरोध वाहून नेत नाही, तर चुंबकीय क्षेत्राला आपल्या अंगातून बाहेर ढकलतो. वैराची पहिली खूण ही.

वैराचे मूळ कारण १९५७ मध्ये स्पष्ट झाले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी दाखवले की अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन सुटे हिंडत नाहीत. ते जोड्या करून राहतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा जणू एक चिमुकला चुंबक असतो आणि जोडीतल्या दोघांची तोंडे परस्परांच्या विरुद्ध दिशेला असतात. शाळेच्या पटांगणावर मुले दोन-दोनच्या जोडीने समोरासमोर उभी राहून टाळ्यांचा खेळ खेळत आहेत अशी कल्पना करा. इतक्यात कवायतीचे मास्तर येतात आणि हुकूम देतात, ‘सगळे उत्तरेकडे तोंड करा!’ झाले, खेळ मोडला. लोखंड, कोबाल्ट, निकेल यांसारखे लोहचुंबकीय पदार्थ म्हणजे हे कवायतीचे मास्तर होत. त्यांचा नियमच असा की शेजारशेजारच्या सर्व अणूंनी एकाच दिशेला तोंड करावे.

मास्तर किती कडक असतात ते १९५८ मध्ये मथायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. लँथॅनम हा धातू सुमारे ६ केल्विनला अतिसंवाहक होतो. त्यात शंभर अणूंमागे गॅडोलिनियमचा एक अणू मिसळला, तेवढ्याने अतिसंवाहकता जवळजवळ संपली. पुढे १९७७ साली एर्बियम, ऱ्होडियम आणि बोरॉन यांचे एक संयुग अभ्यासले गेले. ते ८.७ केल्विनला अतिसंवाहक झाले. पण आणखी थंड केल्यावर, सुमारे ०.९ केल्विनला, ते लोहचुंबकीय बनले आणि त्याच क्षणी अतिसंवाहकता पळाली. एक वैरी घरात आला आणि दुसरा घर सोडून गेला.

मग हे दोघे एका घरात कधीच नांदणार नाहीत का? एक वाट आहे. मास्तरांनी ‘एकाआड एक रांगेने उत्तर-दक्षिण तोंडे करा’ असा हुकूम दिला, तर सगळ्यांची गोळाबेरीज शून्य होते. मघाच्या दोन उलट्या चुंबकांसारखीच ही अवस्था आहे. हिला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. इलेक्ट्रॉनांची जोडी बरीच ऐसपैस असते. एकेक जोडी कित्येक अणूंवर पसरलेली असते. त्यामुळे तिला दोन्हीकडची ओढ सारखीच लागते आणि जोडी टिकते. प्रतिलोहचुंबकाशी अतिसंवाहकाचे जमू शकते. खऱ्या लोहचुंबकाशी जमेल का, हा खरा प्रश्न.

बलरेषांच्या जुड्या

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. बलरेषा वडीत शिरल्या की नाही? उत्तर असे: काही बाहेरून वळल्या आणि काही शिरल्या, पण शिरल्या त्या शिस्तीने.

रशियन शास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये गणिताने दाखवले की काही अतिसंवाहकांत चुंबकीय क्षेत्र पुरेसे प्रबळ झाले की ते आत शिरते. मात्र ते सगळीकडे सारखे पसरत नाही. ते बारीक जुड्यांच्या रूपाने आत जाते. प्रत्येक जुडीभोवती विद्युतप्रवाह पाण्यातल्या भोवऱ्यासारखा गरगर फिरत असतो, म्हणून या जुडीला भोवरा असेही म्हणतात. बाजारातल्या कोथिंबिरीच्या जुड्या लहानमोठ्या असतात, पण या जुड्या सगळ्या अगदी एकाच मापाच्या! निसर्गाने ते माप ठरवूनच दिले आहे. या कामाबद्दल अब्रिकोसोव्ह यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

एक हिशेब करून पाहू. एका गॉसचे क्षेत्र असेल तर एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशा सुमारे ४८ लाख जुड्या बसतात. आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.४ गॉस आहे. अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून ते मोजले जात आहे. तेव्हा केवळ पृथ्वीच्या क्षेत्रात एखादी वडी थंड केली आणि ते सारे क्षेत्र तिच्यात अडकून राहिले असे धरले, तर नखाएवढ्या जागेत सुमारे १९ लाख भोवरे होतील. दोन शेजारी भोवऱ्यांतले अंतर येईल सुमारे ७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सात हजारांश. आपल्या डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. केसाच्या रुंदीत दहा भोवरे एका ओळीत उभे राहतील!

आमच्या प्रयोगातला चुंबक अधांतरी स्थिर का राहिला, तेही आता सांगता येईल. काही बलरेषा वडीबाहेर ढकलल्या गेल्या, म्हणून तो खाली पडला नाही. काही भोवरे वडीतल्या दोषांच्या जागी अडकून बसले, म्हणून तो घसरून बाजूलाही गेला नाही. चिखलात रुतलेल्या काठ्यांप्रमाणे या अडकलेल्या जुड्यांनी त्याला धरून ठेवले होते.

चित्र कसे काढतात?

भोवरे पाहायच्या पुष्कळ रीती आहेत. त्यांतल्या तीन सांगतो.

पहिली रीत आपल्या काळ्या वाळूचीच आहे. फ्रान्सिस बिटर यांनी १९३१ मध्ये लोहाच्या ऑक्साइडची अतिशय बारीक पूड द्रवात कालवून ती चुंबकीय धातूवर पसरली. जिथे क्षेत्र प्रबळ तिथे पूड जमली आणि सूक्ष्मदर्शकाखाली नक्षी दिसली. जर्मनीत स्टुटगार्ट येथे एसमान आणि ट्रॉइब्ल यांनी १९६७ मध्ये हीच युक्ती अतिसंवाहकावर केली. त्यांनी अतिशीत जागेत लोखंडाचा धूर केला. धुराचे कण शिसे आणि इंडियम यांच्या मिश्रधातूवर अलगद बसले आणि नेमके भोवऱ्यांच्या तोंडाशी गोळा झाले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर मधमाशांच्या पोळ्याची आठवण व्हावी अशी ठिपक्यांची सुबक रांगोळी! अब्रिकोसोव्ह यांच्या गणितातले भोवरे प्रथमच असे एकेक सुटे दिसले. या रीतीत अडचण एकच: एकदा पूड टाकली की संपले. पुढे काय घडते ते पाहता येत नाही.

दुसरी रीत प्रकाशाची. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या काही पारदर्शक पदार्थांतून ध्रुवीकृत प्रकाश गेला की त्याच्या कंपनाची पातळी थोडी फिरते, हे फॅराडे यांना १८४५ मध्ये आढळले. अतिसंवाहकावर अशा पदार्थाचा पातळ पापुद्रा ठेवायचा आणि वरून सूक्ष्मदर्शकाने पाहायचे. जिथे क्षेत्र जास्त तिथे उजळ, कमी तिथे काळोख. भोवरे हलताना चलत्‌चित्रासारखे पाहता येतात हा हिचा मोठा फायदा.

तिसरी रीत आंधळ्या माणसाने ब्रेल लिपी वाचावी तशी आहे. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवले की पट्टीतून विद्युतप्रवाह जात असताना तिच्यावर लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये बारीकसा दाब निर्माण होतो. क्षेत्र दुप्पट तर दाबही दुप्पट. आज बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीच्या मोटरीतही हॉलच्या तत्त्वावरचे संवेदक असतात. अशी पट्टी मायक्रॉनभर किंवा त्याहूनही लहान करून पदार्थाच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरवायची. शेत नांगरताना जसे तास काढतात तसे एक तास इकडून तिकडे, मग शेजारचा दुसरा, मग तिसरा. प्रत्येक ठिकाणचा आकडा नोंदून घ्यायचा आणि सर्व आकड्यांचे मिळून चित्र तयार करायचे. हे काम सावकाशीचे असते, पण नमुना खराब होत नाही. तापमान बदलून त्याच जागेचे चित्र पुन्हा काढता येते. आपल्या गोष्टीत हीच रीत कामी आली.

मुंबईचा शोध

मुंबईत कुलाब्याला समुद्रकाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथील आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, चंदन मझुमदार आणि त्यांचे सहकारी यिट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या संयुगांचा अभ्यास करीत होते. पवईच्या आयआयटीतील बी. डी. पदालिया हेही या कामात होते. १९९३ मध्ये त्यांना एका नमुन्यात १२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकतेची चाहूल लागली. ती होती अगदी क्षीण. नमुन्याचा लहानसा भागच अतिसंवाहक होत असावा असे दिसत होते. दुसरा कोणी असता तर ‘काहीतरी भेसळ असेल’ म्हणून सोडून देता. निकेल हा तर चुंबकीय धातू, त्याच्या संयुगात अतिसंवाहकता कुठून येणार?

पण या मंडळींनी त्या भेसळीचाच पाठपुरावा केला. थोडा कार्बन मुद्दाम मिसळून पाहिला, आणि संपूर्ण नमुनाच अतिसंवाहक झाला! हा निष्कर्ष जानेवारी १९९४ मध्ये अमेरिकेतील एका नामांकित भौतिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी या पदार्थाची अणुरचना उलगडली. निकेल व बोरॉनचे थर आणि त्यांच्यामध्ये यिट्रियम व कार्बनचे थर, पोळीच्या पदरांसारखे एकावर एक.

खरी गंमत पुढेच आहे. यिट्रियमच्या जागी एर्बियम, होल्मियम यांसारखी चुंबकीय मूलद्रव्ये घातली तरी अतिसंवाहकता टिकली. एर्बियमचा पदार्थ सुमारे ११ केल्विनला अतिसंवाहक होतो. ६ केल्विनला त्यातले एर्बियमचे अणू एकाआड एक तोंडे करतात, म्हणजे तो प्रतिलोहचुंबक बनतो. इथपर्यंत समजण्यासारखे आहे. पण २.३ केल्विनच्या खाली हा समतोल थोडा बिघडतो. उलटसुलट तोंडांची बेरीज आता शून्य होत नाही आणि पदार्थात क्षीण लोहचुंबकत्व उत्पन्न होते. तरीही अतिसंवाहकता जात नाही! एक वैरी आला, पण दुसऱ्याने घर सोडले नाही.

ते दोघे एकमेकांना सहन कसे करतात? एक तर्क असा होता की आतले लोहचुंबकत्व स्वतःच भोवरे निर्माण करील. बाहेरून क्षेत्र लावले नाही तरी भोवऱ्यांची जाळी आपोआप उमटेल. दुसरा तर्क असा की लोहचुंबकत्वच स्वतःला इतक्या बारीक तुकड्यांत वाटून घेईल की अतिसंवाहकाला त्याची झळ लागू नये. पदार्थाचे एकूण चुंबकत्व मोजणारे उपकरण इथे आपल्या होकायंत्रासारखे ठरते. ते सर्वांची बेरीज सांगते. घराच्या आत कोण कुठे बसले आहे, ते सांगत नाही.

चित्राने दिलेले उत्तर

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात कॅथरिन मोलर यांच्या प्रयोगशाळेत हेंड्रिक ब्लूम आणि सहकाऱ्यांनी हॉलची सूक्ष्म पट्टी या एर्बियमच्या स्फटिकावरून फिरवली. मूळच्या भारतीय असलेल्या सुचित्रा सबॅस्टियन याही त्या चमूत होत्या. बाहेरचे क्षेत्र २० गॉसच्या आतच ठेवलेले, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या जास्तीत जास्त पन्नासपट. त्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

६ केल्विनच्या वर भोवरे इकडेतिकडे विखुरलेले होते. स्फटिक ६ केल्विनच्या खाली गेला आणि भोवरे आपणहून जागा बदलून ओळीत उभे राहिले! चित्रात पट्टे दिसू लागले. असे का व्हावे? या तापमानाला स्फटिकाचा आकार किंचित बदलतो. तो एका दिशेला किंवा तिच्याशी काटकोनात असलेल्या दुसऱ्या दिशेला किंचित ताणला जातो. काही भाग एका दिशेने ताणलेला, शेजारचा दुसऱ्या दिशेने, आणि मध्ये सीमारेषा. आपल्याकडे दोन शेतांमध्ये बांध असतो ना, तसेच. आणि बांधावर बाभळी जशा ओळीने उभ्या असतात, तसे भोवरे त्या सीमांवर जाऊन बसले होते.

मग २.३ केल्विनच्या खाली काय दिसले? भोवऱ्यांची आपोआप उमटणारी जाळी दिसली का? नाही. १.९ केल्विनपर्यंत थंड करूनही ती दिसली नाही. दिसले ते एक क्षीण, वेडेवाकडे, कुठलीच नक्षी नसलेले चुंबकीय क्षेत्र. यावरून त्यांनी अनुमान काढले की लोहचुंबकत्व आहे खरे, पण ते एकतर अतिशय लहान लहान भागांत विभागलेले आहे, किंवा अगदी थोड्या अंतरात उलटसुलट बदलत आहे. हे अंतर इतके लहान की अतिसंवाहकाला त्याच्याविरुद्ध मोठी फळी उभारावी लागत नाही. म्हणजे जवळीक टिकवण्यासाठी लोहचुंबकानेच आपली वागणूक बदलली आहे!

ध्यानात घ्या, ‘जाळी दिसली नाही’ हाही शोधच असतो. अपेक्षित गोष्ट आढळली नाही, हे खात्रीने सांगता येणे हे चांगल्या उपकरणाचे लक्षण आहे. आमच्या वर्गात मला काहीच दिसले नाही, तो मात्र शोध नव्हता. माझे साधनच तोकडे होते. या दोन ‘न दिसण्यां’तला फरक विज्ञानाच्या विद्यार्थ्याने नेहमी ओळखायला हवा.

मुद्दाम बांधलेली घरे

निसर्गात असे घर क्वचित सापडते. म्हणून शास्त्रज्ञ ते मुद्दाम बांधतातही. चुंबकाचा एक थर आणि त्यावर अतिसंवाहकाचा पातळ थर, अशा संकरित रचना आता तयार करता येतात. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठात व्हिक्टर मोश्चालकोव्ह यांच्या गटाने अशी पुष्कळ कामे केली. २००३ मध्ये त्यांनी शिशाच्या पातळ थरावर कोबाल्ट व पॅलेडियमचे चुंबकीय ठिपके रांगेने बसवले. ठिपक्यांमधल्या मोकळ्या जागेत ठिपक्यांच्या बलरेषा उलट्या परततात आणि अतिसंवाहकतेला त्रास देतात. त्यांनी बाहेरून नेमके विरुद्ध क्षेत्र लावले. मधल्या जागेतले क्षेत्र कापले गेले आणि अतिसंवाहकता परत आली. चुंबकीय क्षेत्र लावल्यावर अतिसंवाहकता नष्ट होते, असे आपण आतापर्यंत म्हणत आलो. इथे ते लावल्यामुळे ती निर्माण झाली!

पुढच्याच वर्षी त्यांनी बेरियम फेराइटवर नायोबियमचा थर दिला. बेरियम फेराइट म्हणजे कोण, ओळखले का? पुष्कळ स्पीकरांतला काळा चुंबक याच जातीचा असतो. त्यात वर तोंड केलेले आणि खाली तोंड केलेले भाग शेजारी शेजारी असतात. त्यांच्या सीमेवर उभे क्षेत्र शून्यातून जाते. थंड करत गेल्यावर अतिसंवाहकता सर्वांत आधी त्या सीमारेषांवरच उमटली. दोन भांडखोर शेजाऱ्यांच्या मधला बांधच काय तो शांत!

याचा उपयोग काय?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. नाशिकच्या रुग्णालयांतून एमआरआय यंत्रे आहेत. त्यांतल्या पुष्कळ यंत्रांमध्ये द्रवरूप हीलियमने थंड केलेली नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी असते आणि तिच्यातून निघणारे क्षेत्र १५,००० गॉसच्या घरात असते. एवढ्या क्षेत्रात तारेत भोवऱ्यांची नुसती दाटी असते. ते जागचे हलले तर उष्णता निर्माण होईल आणि अतिसंवाहकता मोडेल. म्हणून तारेत त्यांना अडकवून ठेवणारे खुंट मुद्दाम तयार करावे लागतात. भोवरे कुठे अडकतात आणि कधी सुटतात हे समजायला हवे असेल तर ते पाहता आले पाहिजेत. चुंबक आणि अतिसंवाहक एकत्र बांधून अतिशय कमी विजेवर चालणाऱ्या गणकयंत्रांच्या स्मृती बनवण्याचेही प्रयत्न चालू आहेत.

आपल्याकडेही भोवरे पाहण्याचे काम होत आहे. कुलाब्याच्या त्याच संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने, एक टक्क्याहूनही कमी कोबाल्ट असलेल्या नायोबियम सेलेनाइडच्या स्फटिकावर, भोवऱ्यांची शिस्तबद्ध जाळी क्षेत्र वाढवत नेल्यावर पायरीपायरीने कशी विसकटते याची चित्रे घेतली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची रीत आणखी निराळी होती: अणुइतक्या अणकुचीदार सुईने पृष्ठभाग चाचपण्याची.

ज्या मुलीने मला तो प्रश्न विचारला होता, तिला आता मी असे सांगेन: बलरेषा काही बाहेरून वळल्या, काही जुड्या होऊन आत अडकल्या, आणि त्या दाखवता येतात. फक्त त्यासाठी माझ्या मुठीतला लोहकीस पुरेसा नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयोग करीन तेव्हा वडीवर हिम जमू नये म्हणून काय करावे, याचा विचार चालू आहे. तुम्हांला काही सुचले तर आपल्या शिक्षकांशी जरूर बोला. मात्र द्रवरूप नायट्रोजनला मोठ्यांच्या देखरेखीशिवाय हात लावू नका, त्याने कातडी भाजल्यासारखी पोळते.

तोपर्यंत गोदावरीची काळी वाळू आहेच. दोन चुंबक उलटे चिकटवा, आधी होकायंत्राला विचारा आणि मग वाळूला विचारा. दोघांची उत्तरे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा.